जास्तीची दोन शून्यं

आमच्या घरात वह्या दोन. एक सासूबाईंची, मापांची. दुसरी माझी, गुंडीची. सासूबाई चाळीस वर्षं शिवणकाम करतात, त्यामुळे नात झाल्यावर तिचं पाळण्यातलं नाव गुंडी पडणार हे ठरलेलंच होतं. गुंडीला आता पाच महिने होत आले. माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून सगळं आहे: दूध किती वाजता, कुठल्या बाजूने, किती मिनिटं, लंगोट किती ओले, झोप किती. वजनाचं पान वेगळं, पट्टीने आखलेलं. तिथे चार रकाने आणि प्रत्येक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत, एकाखाली एक, टिंबाखाली टिंब.

नवरा म्हणायचा, "तुझी वही बघून मला माझ्या मुलीची नाही, बँकेची भीती वाटते."

हसू दे. तो दिवसभर बाहेर असतो. खिडक्यांना काचा बसवायचं काम. ज्या घरी जाईल तिथे टेप काढून मिलिमीटरमध्ये बोलतो. घरात गुंडीबरोबर मी असते आणि ती रडली की ती का रडते हे मला माहीत असायला हवं, असं सगळे धरून चालतात. मला माहीत नसतं. वहीत बघितलं की निदान काहीतरी माहीत असल्यासारखं वाटतं.

त्या मंगळवारी लसीसाठी दवाखान्यात गेलो. मी, सासूबाई आणि गुंडी. दवाखान्यात नवा काटा आला होता. पांढरा, वर बाळाला झोपवायचं पसरट तबक आणि समोर हिरवे आकडे. मला तो बघून इतका आनंद झाला की सासूबाईंनी विचारलं, "काय गं, ओळखीचा निघाला का कोणी?" जुना तबकडीवाला काटा कोपऱ्यात सरकवला होता, त्यावर रजिस्टरांची चवड.

सिस्टरने गुंडीला ठेवलं, आकडे पळाले, थांबले. ६.३८०.

मी वही उघडली. आधीची नोंद दोन आठवड्यांपूर्वीची, अठराव्या आठवड्यातली. ६.५००.

वजाबाकी करायला मला वेळ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं. एकशेवीस ग्रॅम. कमी.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं. "मागच्या वेळी साडेसहा, आज सहा तीनशे ऐंशी. हं." मग गुंडीचे डोळे, जीभ, पोट तपासलं. गुंडीने त्यांचा चष्मा ओढला. "खेळतेय तर छान. दूध अंगावरचंच?"

"हो. फक्त."

"असं करू, एका आठवड्याने परत आणा. वाढलं नसलं तर वरचं दूध सुरू करू आणि एकदा रक्त तपासून घेऊ. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर न घाबरणारी बाई मला अजून भेटायची आहे. वरचं दूध म्हणजे माझं पुरत नाही. आणि रक्त म्हणजे त्या दंडात सुई, ज्या दंडाला माझा अंगठा आणि एक बोट पुरतं. पायऱ्या उतरताना मी डोक्यात तीच वजाबाकी पुन्हा पुन्हा करत होते. दर वेळी उत्तर एकशेवीसच येत होतं.

"अगं, पोर टुणटुणीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आकडा कमी झालाय."

"आकडा झाला असेल."

मला राग आला. आकडा कमी झाला म्हणजे गुंडी कमी झाली. आणखी काय असतं?

घरी आल्यावर मी ठरवलं की आठवडाभर वाट बघत बसायचं नाही, रोज मोजायचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून तिला ठेवलं, तर त्याने नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या. त्याची झेप पाच किलोंपर्यंतच. मग आपण उभं राहून वजन करतो तो काटा काढला. त्यावर गुंडी एकटी मावत नाही. म्हणून तिला घेऊन मी उभी राहायचं, मग तिला सासूबाईंकडे देऊन एकटीने उभं राहायचं, आणि वजाबाकी.

शुक्रवारी सकाळी हे तीनदा केलं. पहिल्यांदा ६१.४ वजा ५५.२, म्हणजे ६.२. दुसऱ्यांदा ६१.६ वजा ५५.१, म्हणजे ६.५. तिसऱ्यांदा ६१.३ वजा ५५.३. सहा.

पाच मिनिटांत मी स्वतः दोनशे ग्रॅमनी वर-खाली झाले होते. काही खाल्लं नव्हतं, नुसती काळजी केली होती. काळजीचं वजन असतं असं कुणी सांगितलं असतं तर त्या क्षणी पटलं असतं.

"यातलं खरं कुठलं?" सासूबाईंनी विचारलं. गुंडी तिसऱ्यांदा त्यांच्या हातात आली होती आणि तिला हा खेळ आवडायला लागला होता.

"सरासरी काढायची," मी म्हणाले. कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र उगाच नाही केलं. तिन्हींची बेरीज अठरा पूर्णांक सात, भागिले तीन. मोबाइलवर उत्तर आलं: सहा पूर्णांक दोन, पुढे तीन तीन तीन करत पडदा भरेपर्यंत तिनंच तिनं. मी वहीत लिहिलं ६.२३३.

मग वरची ओळ दिसली. मंगळवार, ६.३८०. तीन दिवसांत एकशे सत्तेचाळीस ग्रॅम आणखी गेले होते.

नवरा दुपारी जेवायला आला तेव्हा मी वही मांडीवर घेऊन रडत होते आणि गुंडी सतरंजीवर पालथी पडून स्वतःशी गात होती.

त्याने वही घेतली. बराच वेळ बघितली. "हे शेवटचे दोन तिनं कुठून आले?"

"कुठून म्हणजे? भागाकारातून."

"काट्यावर दिसले?"

"काट्यावर एकच घर दिसतं टिंबाच्या पुढे."

"मग जे काट्याने सांगितलंच नाही ते तुला भागाकाराने सांगितलं?" तो पोळी मोडायची थांबला. "म्हणजे मी खिडकी नुसत्या डोळ्याने तीनदा बघायची, भागिले तीन करायचं आणि मिलिमीटर काढायचे. टेपचा खर्च वाचला."

"ही खिडकी नाहीये!"

"नाहीये, म्हणूनच विचारतोय ना राणी."

"तुझ्या कामात मिलिमीटर चुकला तर काच बसत नाही, तूच सांगतोस. मग माझ्या कामात कसं चालेल?"

त्याने पोळीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. तीनदा मोजून सरासरी काढली की आकडा सुधारतो, हे मला शिकवलं होतं. तिनं मी मनाने घातली नव्हती, गणिताने आली होती. आणि तरी तो म्हणाला ते कानात राहिलं: काट्याने सांगितलंच नाही. मग काट्याने सांगितलं तरी काय? ६.२, ६.५ आणि ६. एका सकाळी गुंडीने अर्धा किलो कमावला आणि घालवला? की मला काहीच कळलेलं नाही? तो जाताना म्हणाला, "संध्याकाळी दुसरा काटा आणू का?" मी ओरडले, "नको!" एक काटा असला की वजन कळतं, दोन असले की शंका. इथे तीन झाले होते.

एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे तीन दशांश स्थळांचं हे खूळ कुठून आलं ते कळेल. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला ब्युरेटमधून थेंब थेंब द्राव सोडून रंग बदलेपर्यंत मोजायचा होता. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, रेघा मारलेली लांब काचेची नळी. माझा रंग अगदी हवा तसा आला, फिकट गुलाबी. ब्युरेटवर टिंबाच्या पुढची दोन घरं वाचता येतात; मी लिहिलं १०.६. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी त्याभोवती लाल गोल केला. "बाई गं, दहा पूर्णांक साठ. शून्य कुठे गेलं? सार्थ अंक खाल्लास एक." चार मार्क गेले, पहिला वर्ग गेला आणि मी हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून रडले. मॅडम पुढेही काहीतरी बोलत होत्या. नळ सुरू होता.

तेव्हापासून मी शून्य सोडलं नाही. सामानाच्या यादीत साखर लिहायची तरी १.०० किलो. दुकानदार हसतो. कुणी 'आसपास' म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. गुंडीच्या कार्डावर सिस्टर ६.५ लिहायच्या आणि मी घरी येऊन ते वहीत नीट ६.५०० करायची. जन्माचं वजन ३.१२० होतं ना, मग खालचे सगळे त्याच्या रांगेत नकोत? लहान मोठे आकडे एकाखाली एक लोंबकळताना बघवत नाहीत मला.

रविवारी सासूबाईंनी गुंडीसाठी झबलं बेतायला घेतलं. मी तिला मांडीवर धरलं, त्यांनी छातीभोवती टेप फिरवला. साडेसोळा. गुंडीने हात उडवले. परत फिरवला, सतरा. गुंडी हसली, टेप तोंडात घातला. साडेसोळा. सासूबाईंनी वहीत लिहिलं १७.

"आई, दोनदा साडेसोळा आलं."

"आलं ना."

"आणि नीट बघितलं तर सोळा आणि पाच अष्टमांश होतं पहिल्यांदा. मी बघत होते."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोर श्वास घेतंय, म्हणून मोठं ते धरलं. टेप मी धरलाय, आणि माझा हात काही लोखंडाचा नाही. अष्टमांश लिहिला तर कापणाऱ्याला वाटेल, बाईने खरंच तेवढं बारीक बघितलंय, आणि तो तेवढंच कापेल. मग बसा उसवत. हलणाऱ्या माणसाचं माप अर्ध्या इंचाच्या पुढे लिहायचं नाही. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि कानही पिळला होता."

"पण तुमचा मुलगा मिलिमीटर..."

"खिडकी हलत नाही."

मी त्यांची मापवही ओढून घेतली. पानंच्या पानं: २२, ३४.५, १६, ४०.५, ११. चाळीस वर्षांत मापलेली माणसं, आणि एकाच्याही मापात दुसरं काही नाही. एकतर पूर्ण, नाहीतर अर्धा. जणू जगात माणसं अर्ध्या अर्ध्या इंचानेच वाढतात.

मी गुंडीला त्यांच्या मांडीवर टाकलं (टाकलंच, त्या ओरडल्या) आणि कपाटातून लसीचं कार्ड काढलं. माझी वही नव्हे, कार्ड. सिस्टरच्या अक्षरातलं.

सहावा आठवडा, ४.५. दहावा, ५.५. चौदावा, ६. अठरावा, ६.५.

पूर्ण, अर्धा. पूर्ण, अर्धा. चार महिने हा आकड्यांचा रकाना माझ्यासमोर होता, आणि मी दर वेळी त्याला दोन शून्यं, सहाला तर तीन, जोडून इतका सुबक केला होता की तो काय सांगतोय ते दिसेनासं झालं होतं. कुठलं मूल अर्ध्या अर्ध्या किलोने वाढतं?

मंगळवारी मी ठरल्या वेळेच्या आधी तासभर दवाखान्यात पोचले. सिस्टर कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"सिस्टर, मागच्या महिन्यातलं साडेसहा... साडेसहा म्हणजे किती?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना दोन अधिक दोन विचारलं. "साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा आणि अर्धा."

"पण बरोब्बर अर्धा होता का?"

"बरोब्बर कुठलं बाई? काटा नाचत असतो, मूल रडत असतं, मागे वीस जणी. ज्या रेघेच्या जवळ, ती रेघ लिहायची."

"मला तो काटा बघायचाय."

"तो आता भंगारात जायचाय."

"जाऊ दे. त्याआधी."

काय वाटलं कोण जाणे, पण त्या उठल्या, रजिस्टरं उतरवली. तबकडीवर धूळ होती. मी ओढणीने पुसली. सहा लिहिलेलं, सात लिहिलेलं, मधे एक रेघ. बस. बारीक रेघा कधी असल्याच तर पुसून गेल्या होत्या. सहा पूर्णांक पंचवीस शतांशांपासून सहा पूर्णांक पंच्याहत्तरपर्यंत गुंडी कितीही भरली असती, तरी ती साडेसहाच होती. अर्धा किलो रुंदीचं ते साडेसहा. आणि मी त्यातून एकशेवीस ग्रॅम काढून आठवडाभर रडले होते.

खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट पायाखालची फरशीच सरकली. कारण याचा अर्थ ती कमी झालीच नव्हती असाही नव्हता. तेव्हा ती सव्वासहा असली तर शंभराहून जास्त ग्रॅम वाढली होती. पावणेसात असली तर चांगली तीनशे सत्तर ग्रॅम उतरली होती. दोन्ही खरं असू शकत होतं. सव्वासहा धरू की पावणेसात?

"आता ठेवा तिला नव्यावर," सिस्टर म्हणाल्या.

मागच्या मंगळवारचाच झगा अंगावर होता. मुद्दाम तोच घातला होता. लंगोट कोरडा. गुंडीने तबकावर पडल्या पडल्या पाय झाडले. ६.४६५. ६.४७५. ६.४७०. पुन्हा ६.४६५.

"शेवटचा आकडा थांबत नाहीये," मी म्हणाले.

"तुमचीच पोरगी थांबत नाहीये."

सिस्टरने लिहिलं ६.४७. मग स्वतःहूनच, मला वाटतं गंमत म्हणून, त्यांनी गुंडीला उचलून जुन्या काट्यात ठेवलं. सुई नाचली, रेघेपाशी आली. आम्ही दोघी वाकलो.

"साडेसहा," सिस्टर म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. जुना काटा, रेघा, अर्धा किलो. बोलताना मधेच अडखळले, कारण मला स्वतःलाच अजून धड कळलं नव्हतं आणि त्यांना मी त्यांची चूक सांगायला आलेय असं वाटायला नको होतं. त्यांनी कार्डावरचा रकाना वरून खाली वाचला. पेन टेबलावर ठेवलं.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी साडेसहा आणि तीनशे ऐंशी एकाच तागडीत घातले. आता मागच्या मंगळवारपासून धरू. एकच काटा, नव्वदच्या आसपास ग्रॅम, एका आठवड्यात. चांगली वाढलीय."

"मग रक्त?"

"नाही. वरचं दूधही नाही. दोन आठवड्यांनी याच काट्यावर आणा."

मी गुंडीला घट्ट धरलं. मग दारातून मागे वळले. "पण त्याआधी, त्या दोन आठवड्यांत, कमी झालं होतं का हो?"

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

घरी येऊन वही उघडली, खोडरबर घेतलं. ६.५०० मधली दोन शून्यं पुसली. ५.५०० मधली दोन, ४.५०० मधली दोन. ६.००० पाशी थांबले. तिन्ही पुसून नुसता सहा ठेवू की ६.० ठेवू? सिस्टरने नुसता सहा लिहिला होता, पण त्यांनी अर्धा बघितला होता आणि तो नव्हता म्हणून सहा लिहिला होता. म्हणजे एक शून्य त्यांनी वाचलं होतं, लिहिलं नव्हतं. माझ्या ब्युरेटसारखं. बेसिनपाशी नळाच्या आवाजात मॅडम म्हणाल्या होत्या ते तेव्हा कुठे जुळलं. वाचलं असेल तर लिहायचंच, नसेल वाचलं तर लिहायचं नाही, असं काहीसं. नक्की शब्द आठवत नाहीत. ६.० लिहिलं आणि मग वाटलं, टिंबाच्या पुढचं हे घरही अर्ध्यावर उड्या मारणारं, त्याला कितपत मान द्यायचा? तसंच ठेवलं. जन्माच्या ३.१२० ला हात लावला नाही. ६.२३३ पूर्ण पुसलं; तिथे कागद पातळ झाला.

आलेखाचा कागद काढला. अठराव्या आठवड्यावर ठिपका होता, टोकदार पेन्सिलीने दिलेला. तो खोडून सव्वासहापासून पावणेसातपर्यंत उभी रेघ मारली.

नवरा मागून डोकावला. "ही काय काडी उभी केलीस?"

"ही गुंडी."

"एवढी लांब?"

"यात कुठेतरी होती."

"कुठे?"

"माहीत नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण आतून मशीनचा आवाज थांबला आणि सासूबाई झबलं घेऊन आल्या. गुंडीला घातलं. छातीत सैल, दंडात जेमतेम. त्यांनी बाही उलटून आतली शिवण दाखवली; दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. "उसवेन लागेल तेव्हा. किती भरली म्हणालीस पोर?"

"सहा चारशे सत्तरच्या आसपास."

सासूबाईंचं बोट शिवणीवरच राहिलं. नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाहीये," तो आईला म्हणाला.

गुंडीने तेवढ्यात खोडरबर पकडलं होतं आणि ते तिच्या तोंडात जायच्या आत मला तिथे पोचायचं होतं.